एडिंबरा पायी: ‘फुकट’ टूर घ्यावी का, आणि तिच्यानंतर काय?

सप्टेंबरात विद्यार्थी एडिंबऱ्यात उतरतात आणि पहिल्याच आठवड्यात ग्रुपवर एक लिंक फिरते: ओल्ड टाउनची वॉकिंग टूर, अडीच तास, फुकट. फुकट म्हणजे टिपेवर चालणारी. अशा टूर देणारे बरेच आहेत, आणि मार्ग, वेळा, किस्से यांत फरक उन्नीस-बीसचा. त्यामुळे हे परीक्षण कुठल्या एका कंपनीचं नाही, या प्रकारच्या सेवेचं आहे. पाचपैकी साडेतीन गुण. उरलेला दीड कुठे गेला हे सांगायचं तर आधी शहर कसं बसलंय ते सांगावं लागेल, कारण गुण तिथेच गेलेत.

सह्याद्रीत दोन-चार किल्ले चढलेल्या माणसाला एडिंबरा एका वाक्यात कळतं. कातळावर बालेकिल्ला, तीन बाजूंनी कडा, चौथ्या बाजूने पूर्वेकडे उतरत गेलेली सोंड. कातळ जुन्या ज्वालामुखीच्या घशात गोठलेला, साधारण ३५ कोटी वर्षांपूर्वीचा. हिमयुगात पश्चिमेकडून सरकत आलेल्या बर्फाने आजूबाजूचं मऊ खरवडून नेलं. कातळाच्या आडोशाला जे वाचलं ती ही सोंड. तिच्या माथ्यावरून किल्ल्यापासून होलीरूड राजवाड्यापर्यंत जो रस्ता उतरतो तो रॉयल माइल. लांबी सुमारे १.८ किलोमीटर, म्हणजे जुना स्कॉटिश मैल, आजच्या मैलाहून जरा मोठा. नकाशावर ‘रॉयल माइल’ या नावाने शोधत बसू नका. रस्त्याच्या पाट्यांवर नावं तुकड्यातुकड्यांनी आहेत: कॅसलहिल, लॉनमार्केट, हाय स्ट्रीट, कॅननगेट.

सोंडेच्या दोन्ही अंगांना उतार. उत्तरेला पूर्वी तळं होतं, आता तिथे प्रिन्सेस स्ट्रीटची बाग आणि वेव्हर्ली स्टेशन. दक्षिणेला दरीसारखी खोल काउगेट. माथ्यावरून या दोन्ही उतारांवर अरुंद बोळ उतरतात, पिंपळपानाच्या मधल्या शिरेतून बारीक शिरा फुटाव्यात तसे. बोळाला इथे ‘क्लोज’ म्हणतात. ‘वाइंड’ म्हणजे आरपार जाणारी, जरा रुंद, सगळ्यांना खुली असलेली गल्ली. क्लोज मुळात खासगी, रात्री दार लावता येईल असा. आता दारं गेली, बहुतेक क्लोज आरपार झाले, नावं राहिली. क्लोजच्या तोंडाशी इमारतीच्या पोटातून जाणारा कमानीचा बोगदा असतो, त्याला ‘पेंड’ म्हणतात. पाऊस आला की सगळी टूर पेंडीत शिरते, म्हणून हा शब्द ठाऊक असलेला बरा.

आता खरी मेख. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात या दऱ्यांवरून पूल टाकले आणि पुलांच्या दोन्ही अंगांना इमारती चिकटवल्या. साउथ ब्रिज १७८८ मध्ये सुरू झाला. त्याला १९ कमानी आहेत; उघड्यावर दिसते एकच, काउगेटवरची. बाकी अठरा घरांआड. वरून चालणाऱ्याला आपण पुलावर आहोत याचा पत्ता लागत नाही; दुकानं, बसस्टॉप, फूटपाथ, सगळं साध्या रस्त्यासारखं. जॉर्ज द फोर्थ ब्रिजचंही तेच. मग फोनवरचा निळा ठिपका सांगतो, पोचलात. पत्ता मात्र तीन-चार मजले खाली असतो. नकाशात दोन रस्ते एकमेकांना छेदतात, प्रत्यक्षात एक दुसऱ्याच्या डोक्यावरून जातो. नव्या विद्यार्थ्यांचा इथे सगळ्यात जास्त वेळ जातो तो याच घोळात, आणि चूक नकाशाची नसते: ठिपक्याला उंची कळत नाही.

टिपेवरची टूर हेच शिकवत नाही. ती बहुतेक वेळ माथ्यावरच रेंगाळते, एकदा खाली ग्रासमार्केटकडे नेते आणि संपते. गोष्टी भरपूर सांगते, शहराचे मजले सांगत नाही. एक गुण त्याचा, अर्धा पुढे येणाऱ्या थापांचा.

तरीही घ्यावी का? घ्यावी. एकदाच, पहिल्या आठवड्यात. बुकिंग ऑनलाइन, पैसे आधी लागत नाहीत. जमायचं ठिकाण बहुतेकांचं हाय स्ट्रीटवर, सेंट जाइल्स हे मोठं चर्च किंवा ट्रॉन कर्क (कर्क म्हणजे चर्चच) यांच्या आसपास. नेहमीचा क्रम असा: सेंट जाइल्सचा चौक, फूटपाथच्या दगडांत हृदयाच्या आकारात बसवलेलं ‘हार्ट ऑफ मिडलोदियन’ (इथे जुना तुरुंग होता, १८१७ मध्ये पाडला, स्थानिक माणसं त्यावर थुंकतात, तेव्हा तिथे बसून फोटो काढू नये), लेडी स्टेअर्स क्लोजमधला रायटर्स म्युझियमचा चौक, किल्ल्यासमोरचं पटांगण लांबून, मग वळणाची व्हिक्टोरिया स्ट्रीट, ग्रासमार्केट आणि शेवटी ग्रेफ्रायर्सचं कब्रस्तान. चालणं एकूण दोन किलोमीटरच्या आत. बाकी वेळ उभं राहण्यात. पाय दुखतात ते चालून नाही, थंड दगडावर उभं राहून. जाड मोजे घाला.

आत कुठेच जात नाहीत. किल्ल्याचं तिकीट त्यात नसतं, सेंट जाइल्सही बाहेरूनच. कॅननगेट, म्हणजे रॉयल माइलचा खालचा अर्धा, बहुधा वगळलेला. न्यू टाउन जवळजवळ नेहमीच.

गट २५-३० जणांचा झाला की मागच्यांना निम्मं ऐकू येत नाही, त्यात वारा आणि शेजारी वाजणारी बॅगपाइप. गाइडच्या डावी-उजवीकडे, पण पहिल्या रांगेत उभं राहावं. भिंतीकडे पाठ असलेली जागा मिळाली तर उत्तम, आवाज भिंतीवरून परततो. इंग्रजी उच्चाराची सवय व्हायला दोन आठवडे लागतात, म्हणून पहिल्या दिवशी शनिवार दुपारची टूर घेण्यापेक्षा मंगळवार-बुधवार सकाळची घ्या. गट लहान असतो, आणि ‘पार्डन?’ म्हणायला लाज वाटत नाही. ऑगस्टात ही टूर घेऊच नका. फ्रिंज फेस्टिव्हलच्या दिवसांत हाय स्ट्रीटवर तुळशीबागेत दिवाळीच्या आदल्या रविवारी असतं तसं असतं, फक्त माणसं उंच.

टिपेचं गणित स्पष्ट असावं. या प्रकारच्या टूरमध्ये गाइडची कमाई म्हणजे टीप, आणि बऱ्याच ठिकाणी गाइडलाच आलेल्या माणसामागे कंपनीला ठरावीक रक्कम द्यावी लागते. म्हणजे तुम्ही काहीच न देता गेलात तर त्याच्या खिशातून जातं. पगारी माणूस दहा पाउंडाच्या आसपास देतो, विद्यार्थ्याने पाच दिले तर कुणी तोंड वाकडं करत नाही. नाणी नसली तरी चालतं, कार्डाचं मशीन असतंच. शेवटचा अर्धा तास टिपेच्या जाहिरातीत गेला, किंवा ‘संध्याकाळची भुतांची टूर घ्या’ असं तीनदा झालं, तर रक्कम कमी करायला हरकत नाही. मध्येच निघून जायचं असेल तर ब्रेकमध्ये जावं आणि जाताना हातावर काहीतरी ठेवावं.

किस्से किती खरे? गाइडांमध्ये नट आणि स्टँडअपवाले बरेच, त्यामुळे रंगतात छान. दोन गोष्टी मात्र कान टवकारून ऐका. बर्क आणि हेअर यांना ‘कबरी उकरणारे’ म्हटलं की समजावं, इथे घाई झाली. या दोघांनी कबर कधी उकरली नाही. १८२८ मध्ये १६ जणांना मारून त्यांनी प्रेतं शरीरशास्त्राच्या डॉक्टर नॉक्सना विकली. बर्कला जानेवारी १८२९ मध्ये लॉनमार्केटात फाशी दिलं आणि त्याचा सांगाडा आजही विद्यापीठाच्या ॲनाटॉमिकल म्युझियममध्ये उभा आहे. कबरी उकरणारे वेगळे होते, आणि त्यांच्यापासून राखण म्हणून बसवलेले लोखंडी पिंजरे ग्रेफ्रायर्समध्ये जमिनीलगत दिसतात. दुसरी थाप मेरी किंग्ज क्लोजची: १६४५ च्या प्लेगात लोकांना आत कोंडून भिंती बांधल्या. तसं घडलेलं नाही. तो बोळ गाडला गेला शंभर वर्षांनंतर, वर रॉयल एक्स्चेंजची इमारत (१७५३ ते १७६१) उभी करताना खालची घरं पाया म्हणून वापरली म्हणून. खरी गोष्ट थापेपेक्षा रंगतदार आहे, तरी थापच जास्त विकली जाते.

दुपारी एकला किल्ल्यावरून तोफ सुटते. ही पद्धत १८६१ पासूनची. रविवार, गुड फ्रायडे आणि नाताळ सोडून रोज. गाइड सांगणार, बाराला बारा गोळे लागले असते, एकला एकात भागतं, म्हणून काटकसरी स्कॉटलंडने एकची वेळ निवडली. हा विनोद पुण्यात सांगितला तर कुणी हसणार नाही, सगळे मान डोलावतील. खरं कारण लीथ बंदरातल्या जहाजांना वेळ कळावी हे होतं. आवाज ऐकायला तिकीट लागत नाही; प्रिन्सेस स्ट्रीटच्या बागेत एकला दोन मिनिटं कमी असताना उभं राहावं, पण कानाला फोन लावून नको.

जमिनीखालच्या टूर पैसे देऊन. मेरी किंग्ज क्लोज सुमारे एक तास, वेशभूषा केलेला गाइड, आत फोटो काढायला मनाई. साउथ ब्रिजखालच्या कोठड्या दुसऱ्या; पूल नीट जलरोधक केला नव्हता, पाणी झिरपत राहिलं, दुकानदार निघून गेले आणि शहरातले सगळ्यात गरीब तिथे राहायला आले. ओल अजूनही हाताला लागते. दोन्हींपैकी एकच परवडत असेल तर मेरी किंग्ज क्लोज घ्या. शहराचे मजले एकावर एक कसे चढले हे डोळ्यांनी दिसणारी ती एकच टूर. कोठड्यांची घ्यायचीच तर इतिहासाची घ्या. भुतांच्या टूरमध्ये गाइड अंधारात ओरडतो आणि त्याचेच पैसे घेतो. बंद जागेत गुदमरायला होणाऱ्यांनी दोन्ही टाळाव्यात.

टूरच्या दुसऱ्या दिवशी एकट्याने चालायला निघा. नऊला, गर्दीच्या आधी. सुरुवात वरून, किल्ल्यासमोरच्या पटांगणापासून. चढत येण्यापेक्षा उतरत जाणं शहाणपणाचं, आणि त्याचं कारण चढ नव्हे, वारा: तो बहुधा पश्चिमेचा असतो आणि चढताना सरळ तोंडावर येतो. पटांगणात जायला तिकीट नाही. मात्र लष्करी टॅटूचे, म्हणजे लष्करी बँडच्या सोहळ्याचे, प्रेक्षकमंच उन्हाळ्यात इथे उभे राहतात आणि ऑगस्ट संपेपर्यंत सगळं झाकून टाकतात, तेव्हा सप्टेंबर ते मे हा काळ बरा. कडेला स्मारकांची ओळ आहे. त्यात ७८ व्या हायलँडर्स पलटणीचा उंच दगडी क्रॉस शोधा. स्मारक १८५७-५८ मध्ये मेलेल्या सैनिकांचं. पण त्यावर हत्ती कोरलाय. स्कॉटलंडात हत्ती कुठून आला? असईहून. जालना जिल्ह्यात भोकरदनजवळच्या असईला २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजेविरुद्ध ही पलटण ब्रिटिश सेनापती वेलस्लीच्या हाताखाली लढली, आणि त्याबद्दल तिला निशाणावर हत्ती मिरवायचा मान मिळाला. आपल्याकडचा इतिहास इतका समोर असूनही टूरवाले इथे थांबत नाहीत. थांबतील कशाला, ऐकणाऱ्यांत असई कुणाला ठाऊक!

पटांगणातून बाहेर पडताच भिंतीत बसवलेला छोटा विचेस वेल, चेटकीण ठरवून जाळलेल्या बायकांच्या आठवणीचा, १८९४ चा. तो करवून घेणारा नगररचनाकार पॅट्रिक गेडिस. पांढऱ्या-तांबड्या रंगाची रॅम्से गार्डनची घरं त्याचीच करणी, आणि शेजारचा मनोरा, जिथे आता कॅमेरा ऑब्स्क्युराला रांग लागते, तोही त्याने १८९२ मध्ये घेऊन शहर अभ्यासायची जागा केली होती. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र विभाग १९१९ मध्ये सुरू झाला तेव्हा पहिला प्राध्यापक हाच. मालवणचे गो. स. घुर्ये त्याच्या शिफारशीवरून इंग्लंडला शिकायला गेले आणि १९२४ मध्ये विभाग त्यांच्याकडे आला. सगळं पाडून नवं बांधण्यापेक्षा मोजकं पाडून हवा-उजेड आत घ्यावा, ही गेडिसची पद्धत. ती आधी या बोळांत तयार झाली, मग तो हिंदुस्थानातली शहरं बघत फिरला.

लॉनमार्केटात उतरताना डावीकडे मिल्न्स कोर्ट. विद्यापीठाची मुलं अजूनही इथे राहतात. गेडिसने १८८७ मध्ये विद्यार्थ्यांना राहायला या भागात आणलं. उजवीकडे रिडल्स कोर्ट, एकात एक दोन चौक. पेंडीतून पहिल्या चौकात जा, पुढच्या कमानीवर लॅटिन अक्षरं आहेत: ‘विवेन्दो दिस्किमुस’, जगता जगता शिकतो. दार उघडं असेल तर दुसऱ्या चौकात शिरा आणि मान वर करून मजले मोजा. या उंच इमारतींना जुन्या काळी ‘लँड’ म्हणत. एका जिन्यावर गरीब, व्यापारी, वकील, सगळे वेगवेगळ्या मजल्यांवर. गिरगावातल्या चाळीत वाढलेल्याला फार समजवावं लागत नाही. फरक इतकाच की इथे उंच मजल्यावरून ‘गार्डी लू’ ओरडून घाण खाली ओतत.

आता मजले शिकायचा सराव. लॉनमार्केटातून अप्पर बोच्या पायऱ्या उतरा, व्हिक्टोरिया टेरेसवर याल. खाली वळणारी व्हिक्टोरिया स्ट्रीट दिसते. तिच्या दुकानांच्या छपरावरून तुम्ही चालताय. पायऱ्यांनी तिच्यावर उतरा, उताराने ग्रासमार्केट गाठा. समोर, चौकाच्या दक्षिण अंगाला, ‘व्हेनल’च्या पायऱ्या. चढून मागे वळलं की पूर्ण किल्ला एका चौकटीत. शेजारची जाड भिंत म्हणजे फ्लॉडन वॉलचा उरलेला तुकडा. १५१३ मध्ये फ्लॉडनच्या लढाईत इंग्रजांकडून झालेल्या पराभवानंतर ते इथे येतील या धसक्याने बांधलेली. परत खाली या, पूर्वेकडे काउगेटमध्ये शिरा आणि वर बघत चाला. पहिला पूल डोक्यावरून जातो तो जॉर्ज द फोर्थ, दुसरा साउथ ब्रिज, त्याची ती एकुलती एक उघडी कमान. आता वर कसं जायचं? पूल ओलांडताना दिसणारे जिने सगळे सार्वजनिक नाहीत, म्हणून पक्के रस्ते लक्षात ठेवा: काउगेटवरून उत्तरेला ब्लेअर स्ट्रीट आणि निड्री स्ट्रीट (दोन्ही हाय स्ट्रीटकडे, चढ तीव्र), दक्षिणेला गथ्री स्ट्रीट (चेंबर्स स्ट्रीटला, म्युझियमकडे) आणि हायस्कूल वाइंड (इन्फर्मरी स्ट्रीटला). हे चार पाठ झाले की एडिंबऱ्यात हरवणं संपलं. नऊच्या लेक्चरला काउगेटमध्ये उभं राहून डोक्यावरून जाणारी बस बघायची वेळ येत नाही.

हायस्कूल वाइंडने चढलात तर जुन्या हायस्कुलाची १७७७ ची इमारत लागते. पुण्यात शेवटच्या बाजीरावाच्या दरबारी ब्रिटिश रेसिडेंट म्हणून बसलेला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन लहानपणी, १७९१-९२ मध्ये, या शाळेत होता. इमारत आता विद्यापीठाकडे आहे. बाहेरून बघायची, पाच मिनिटं.

उत्तरेकडच्या उताराला एकच बोळ करायचा असेल तर ॲडव्होकेट्स क्लोज. सेंट जाइल्ससमोरून उतरतो, तोंडाशी उभं राहिलं की दोन भिंतींमधल्या फटीत स्कॉट मॉन्युमेंटचा सुळका बरोब्बर बसतो. पायऱ्या बऱ्याच, ओल्या असताना कठड्याचा आधार घ्या. खाली कॉकबर्न स्ट्रीट. उच्चार ‘कोबर्न’, नाहीतर दुकानदार गालातल्या गालात हसतो.

कॅननगेटला टूर नेत नाही, म्हणून मुद्दाम जा. सेंट मेरीज स्ट्रीटच्या चौकात रस्त्यातच पितळेच्या पट्ट्या बसवल्यात. ती १७६४ मध्ये पाडलेल्या नेदरबो वेशीची खूण. शहर इथे संपायचं, म्हणून शेजारच्या बोळाचं नाव ‘वर्ल्ड्स एंड’. पुढचं कॅननगेट १८५६ पर्यंत वेगळं गाव होतं. कॅननगेट कर्कच्या आवारात ॲडम स्मिथची कबर (मृत्यू १७९०), अर्थशास्त्राची मुलं तिथे नाणी ठेवून जातात. तिथून काही पावलांवर डनबार्स क्लोज. पेंडीतून आत गेलं की सतराव्या शतकाच्या धर्तीची छोटी बाग, कातरलेली झुडपं, बाकं, शांतता. डबा खायला सगळ्या रॉयल माइलवर याहून चांगली जागा नाही.

फुकट आत जाता येईल अशा जागा नकाशात आधी खूण करून ठेवा, कारण पाऊस, थंडी आणि लघवी तिन्ही एकदम येतात. सगळ्यात कामाचं चेंबर्स स्ट्रीटवरचं नॅशनल म्युझियम: दहा ते पाच, तिकीट नाही, स्वच्छ टॉयलेट, क्लोन केलेली डॉली मेंढी आणि सातव्या मजल्यावर गच्ची. टूरनंतर थेट त्या गच्चीवर जा. सोंड, किल्ला, दऱ्या, पूल, सगळं एका नजरेत लागतं. हवा वाईट असली की गच्ची बंद करतात. जॉर्ज द फोर्थ ब्रिजवरची नॅशनल लायब्ररीही फुकट; आत शिरता तो मजला पुलाच्या पातळीचा, पुस्तकांचे बरेचसे मजले त्याच्या खाली काउगेटपर्यंत गेलेले. माउंडवरची नॅशनल गॅलरी, रायटर्स म्युझियम, सेंट जाइल्स (ऐच्छिक देणगी, आतल्या थिसल चॅपलमध्ये बॅगपाइप वाजवणारा देवदूत शोधा), आणि तळाशी सुरक्षा तपासणी करून स्कॉटिश पार्लमेंट. नळाचं पाणी पिण्याजोगं आणि चवीला चांगलं. बाटली विकत घेणं म्हणजे पैसे पाण्यात.

पायांत काय? दगडी फरसबंदीचे चौकोनी ठोकळे, इथे त्यांना ‘सेट्स’ म्हणतात, शेकडो वर्षं घासून गुळगुळीत झालेत. ओले झाले की गुळगुळीत तळव्याचे कॅनव्हास बूट सरळ घसरतात, विशेषतः व्हिक्टोरिया स्ट्रीटच्या वळणावर आणि बोळांच्या शेवटच्या तीन-चार पायऱ्यांवर, जिथे शेवाळ असतं. खोल खाचांचा रबरी तळवा हवा. ट्रेकचे बूट घरून आणले असतील तर तेच. नवे घेतले असतील तर आधी आठवडाभर कॉलेजला घालून सैल करा. छत्री आणू नका. वारा ती पहिल्याच कोपऱ्यावर उलटी करतो, आणि कचऱ्याच्या डब्यांत खोचलेल्या मोडक्या छत्र्या दिसतीलच. टोपीचं जलरोधक जाकीट घ्या, टोपीला दोरी असलेलं. पाऊस वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर, म्हणजे जवळपास पुण्याइतकाच. पण पुण्यात तो चार महिन्यांत कोसळतो, इथे वर्षभर झिमझिमतो. वसंतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला समुद्रावरून ‘हार’ नावाचं दाट धुकं येतं. सकाळी किल्ला दिसला नाही तर गच्ची-टेकड्यांचा बेत पुढे ढकला, बोळ करा.

उजेडाचा हिशोब सगळ्यात जास्त चुकतो. डिसेंबरात सूर्य उगवतो पावणेनऊच्या सुमारास आणि मावळतो तीन चाळीसला. म्हणजे एकची टूर सूर्य मावळता मावळता संपते. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड, तेव्हा घाई कशाचीच नाही.

टेकडी चढायची तर दोनांपैकी कुठली? काल्टन हिल दहा मिनिटांची, प्रिन्सेस स्ट्रीटच्या पूर्व टोकाकडून पायऱ्या. वर १२ खांबांचं अर्धवट राहिलेलं स्मारक आणि सूर्यास्ताला फोटोवाल्यांची रांग. आर्थर्स सीट २५१ मीटर. सिंहगड चढणाऱ्याला काहीच नाही, पण पायांत बूट हवेत आणि माथ्याचे खडक पायाखाली येऊन येऊन काचेसारखे झालेत. होलीरूडकडून सेंट मार्गारेट्स लॉकच्या बाजूने ‘ड्राय डॅम’च्या वाटेने जावं, चढ मऊ, तास पुरतो. सॅलिसबरी क्रॅग्जच्या पायथ्याची रॅडिकल रोड २०१८ मध्ये दरड कोसळल्यापासून बंद आहे. कुंपण ओलांडून जाणारी मुलं दिसतील, त्यांच्या मागे जाऊ नका.

किल्ल्याचं तिकीट वीस पाउंडांच्या आसपास. पहिल्या आठवड्यात काढू नये. वर्षभर राहणार असाल तर हिस्टॉरिक एन्व्हायर्नमेंट स्कॉटलंडचं सभासदत्व बघा; विद्यार्थ्यांना सवलत असते, आणि एडिंबरा किल्ल्याबरोबर स्टर्लिंग आणि इतर बरेच किल्ले त्यात येतात. मग किल्ला एका दमात उरकायची गरज नाही: एक दिवस तटबंदी, एक दिवस आतली संग्रहालयं.

आणि परतीची बस. स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्या २२ वर्षांखालच्या सगळ्यांना ३१ जानेवारी २०२२ पासून बसप्रवास मोफत आहे, परदेशी विद्यार्थीही त्यात येतात. मात्र त्यासाठीचं कार्ड मागवावं लागतं, पत्त्याचा पुरावा लागतो, आणि ते पोस्टाने यायला वेळ लागतो. राहायची जागा पक्की झाली त्याच दिवशी अर्ज टाका. मास्टर्सला आलेले बहुतेक २२ च्या वरचे. त्यांनी कार्ड टॅप करावं, आणि दिवसभर तेच एक कार्ड वापरावं, म्हणजे दिवसाच्या कमाल भाड्यावर हिशोब थांबतो. सकाळी फोन आणि संध्याकाळी प्लास्टिकचं कार्ड असं केलंत तर मशीनला ती दोन माणसं वाटतात. रोख द्यायची तर नेमकी नाणी ठेवा, ड्रायव्हर सुटे परत देत नाही.